आधी क्रियापद शोधा

‘माय फादर इज अ फार्मर’ हे वाक्य फळ्यावर लिहून मराठी माध्यमाच्या सातवीच्या वर्गाला त्यातले क्रियापद विचारावे. काही मुले गप्प बसतात आणि धीट मुलांपैकी बरीच जण ‘फार्मर’ म्हणतात. आपण कपाळाला हात लावतो. पण त्या मुलांनी आपण शिकवलेल्या व्याख्येशी इमानच राखलेले असते. व्हर्ब म्हणजे ॲक्शन वर्ड, क्रिया दाखवणारा शब्द, असे आपणच त्यांना पाठ करायला लावले. या वाक्यात नांगरणारा, पेरणारा, घाम गाळणारा शब्द एकच, तो म्हणजे ‘फार्मर’. ‘इज’ तर जागचा हलतही नाही. मग मुलांनी आणखी काय सांगावे?

हे पुस्तक त्या उत्तरापासून सुरू होते. पाचवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ते लिहिले आहे आणि त्यातले म्हणणे थोडक्यात सांगता येते. क्रियापद अर्थावरून ओळखायला शिकवू नये, वाक्यातल्या त्याच्या वागण्यावरून ओळखायला शिकवावे. आणि हे शिकवताना मराठीच्या तासाला मुलांनी जे कमावले आहे ते दाराबाहेर ठेवू नये.

मराठीच्या तासाला मुले क्रियापदाची जी व्याख्या शिकतात ती इंग्रजीच्या तासातल्या व्याख्येपेक्षा पुष्कळ चांगली आहे. वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द म्हणजे क्रियापद. यातला ‘क्रियावाचक’ क्षणभर बाजूला ठेवला तरी चालेल, ‘पूर्ण करणारा’ मात्र सोडायचा नाही. ‘माझे वडील शेतकरी’ इथे थांबलो तर ऐकणारा पुढे काय म्हणून पाहत राहतो. ‘आहेत’ आले की तो मान हलवतो. ‘माय फादर अ फार्मर’ हे तसेच लटकलेले वाक्य आहे आणि ते खाली उतरवण्याचे काम ‘इज’ करतो. सातवीच्या मुलाला हे समजायला दोन मिनिटे पुरतात, कारण त्याला ते मराठीत आधीच ठाऊक असते. अडचण एवढीच की बहुतेक शाळांत मराठीचे सर आणि इंग्रजीच्या बाई एकमेकांशी वेळापत्रकाबद्दल बोलतात, व्याकरणाबद्दल बोलत नाहीत.

खरे तर या दोन व्याकरणांची सोयरीक जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले तेव्हा शब्दांच्या आठ जातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर केली आणि ती आजतागायत शाळेत टिकून आहे. पुढे मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त बऱ्याच गोष्टींची कसून झाडाझडती घेतली. त्यामुळे नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह ही नावे ऐकून मूल बिचकत असेल तर त्याला सांगावे की ही तुझीच नाम, सर्वनाम, विशेषणे आहेत, फक्त कपडे बदलून आली आहेत.

क्रिया दाखवणारा प्रत्येक शब्द क्रियापद नसतो, हेही आपल्याकडे फार पूर्वी कोणीतरी ओळखले होते. यास्काने ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात नाम आणि आख्यात (म्हणजे क्रियापद) यांची फारकत करताना एक बारकावा नोंदवला आहे. जाणे, शिजवणे या क्रिया सुरुवातीपासून शेवटापर्यंत क्रमाने घडत असताना त्यांना ‘व्रजति’, ‘पचति’ अशी आख्याते सांगतात, पण तीच क्रिया एखाद्या वस्तूसारखी घट्ट होऊन समोर आली की तिला ‘व्रज्या’, ‘पक्ति’ अशी नावे मिळतात. म्हणजे क्रिया तीच, पण शब्दाची जात दुसरी. ‘अरायव्हल’, ‘मूव्हमेंट’, ‘डिसिजन’ या शब्दांत क्रिया भरलेली असूनही ते क्रियापद का नाहीत, हे समजावताना मला तरी यापेक्षा नेमके काही सापडलेले नाही. मराठीत मारामारी, पळापळ, धावपळ हे शब्द घ्या. त्यांच्याइतकी हालचाल दुसऱ्या कुठल्या शब्दात आहे? तरी ती सगळी नामेच.

मग ओळखायचे कसे? अमेरिकेतल्या चार्ल्स फ्रीझ या भाषाशास्त्रज्ञाने 1952 साली ‘द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश’ या पुस्तकात शब्दांचे वर्ग अर्थावरून न ठरवता वाक्यातल्या जागेवरून ठरवून दाखवले. अमुक चौकटीत अमुक रिकाम्या जागी जे शब्द बसतात ते एका वर्गाचे. इतका कडक नियम शाळेत पाळायची गरज नाही, पण त्यातला विचार उचलण्याजोगा आहे. शब्दाला ‘तुझा अर्थ काय’ असे विचारण्याऐवजी ‘तू काय काय करून दाखवतोस’ असे विचारायचे.

या पुस्तकातली पहिली कसोटी काळाची आहे. वाक्याच्या शेवटी आधी ‘एव्हरी डे’ आणि मग ‘यस्टरडे’ जोडून पाहायचे आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते शोधायचे. ‘शी वॉक्स टु स्कूल एव्हरी डे’, ‘शी वॉक्ड टु स्कूल यस्टरडे’. ‘स्कूल’ ढिम्म, ‘शी’ ढिम्म, बदलला तो ‘वॉक्स’. ‘फार्मर’च्या वाक्यात ‘यस्टरडे’ नीट बसत नाही, तिथे ‘दहा वर्षांपूर्वी’ असे म्हणा, ‘इज’चा ‘वॉज’ होतो आणि ‘फार्मर’ फार्मरच राहतो. ज्या शब्दावर काळाची खूण उमटते तो वाक्यातले क्रियापद किंवा त्याचा पहिला तुकडा. ही कसोटी वर्गात खेळासारखी चालते आणि ज्या मुलाला वाक्याचा अर्थ लागलेला नाही त्यालाही ती वापरता येते, हा तिचा मोठा गुण.

पण ती सगळीकडे चालत नाही आणि हुशार मुले पहिल्याच आठवड्यात तिला तोंडावर पाडतात. ‘आय कट द ग्रास’ आज म्हटले काय आणि काल म्हटले काय, ‘कट’ तोच. ‘पुट’, ‘हिट’, ‘शट’ यांचेही तसेच. ‘रीड’ तर लिहिताना तसाच राहतो आणि भूतकाळात नुसता बोलताना ‘रेड’ होतो. अशा वेळी कर्ता बदलून बघायचा. ‘आय’च्या जागी ‘ही’ घातला की ‘कट’चा ‘कट्स’ होतो आणि चोर सापडतो. तेही जमले नाही तर वाक्याचा प्रश्न करायचा, नकार करायचा. ‘मस्ट’ला भूतकाळाचे रूप नाही, पण नकारात ‘नॉट’ त्याला चिकटून बसतो आणि प्रश्नात तो कर्त्याच्या पुढे उडी मारतो. एका कसोटीवर श्रद्धा ठेवायची नाही, दोन-तीन लावून पाहायच्या, एवढे मुलांच्या अंगवळणी पडले की निम्मे काम झाले.

अर्थ बाजूला ठेवून क्रियापद सापडते याची खात्री पटत नसेल तर एक अर्थहीन वाक्य फळ्यावर लिहा: ‘द टोमा वॉज ब्लिमिंग अ स्नाफ’. टोमा कोण, स्नाफ काय, कोणालाच माहीत नाही. तरीही वर्ग ‘वॉज ब्लिमिंग’कडे बोट दाखवतो. काल काय झाले विचारले तर ‘ब्लिम्ड’ असे रूपही घडवतो. जीन बर्को या संशोधिकेने 1958 साली लहान मुलांना असेच कल्पित शब्द देऊन त्यांची अनेकवचने आणि भूतकाळाची रूपे विचारली होती, आणि कधीही न ऐकलेल्या शब्दांना मुलांनी बरोबर प्रत्यय लावून दाखवले होते. ती मुले इंग्रजी घरातली होती, आपली नाहीत, हा फरक विसरायचा नाही. आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजी कमी पडते, म्हणून त्यांना ही रूपे जाणून-बुजून दाखवावी लागतात.

आता ज्या भागावर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत तिकडे वळतो. मराठी मुलांच्या इंग्रजी क्रियापदांच्या चुका या आळसाच्या चुका नसतात. बहुतेक चुकांमागे मराठीचे एखादे शहाणे वळण असते.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते आणि सगळ्यांचा हिशोब ठेवते. आला, आली, आले यांत लिंग कळते. ‘आलो’ म्हटले की कर्ता सांगायचीही गरज नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते: रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबे खाल्ले. ही सवय असलेले मूल इंग्रजीत येते तेव्हा त्याला ‘एट’ भेटतो. राम असो की सीता, आंबा असो की पोळी, एक असो की दहा, ‘एट’ तसाच. हे सोपे आहे असे आपल्याला वाटते. मुलाला ते संशयास्पद वाटते, आणि तो कुठेतरी काहीतरी जोडून ठेवतो. उलट वर्तमानकाळात इंग्रजी फक्त एका जागी, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्या मागे, ‘एस’ मागते. बाकी सगळीकडे काहीच न मागणारी भाषा इथेच का अडून बसते, याचे समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही. ते नाही हे मुलांना सांगून टाकावे आणि सराव द्यावा.

नकाराची गंमत तर याहून मोठी. मराठीतला ‘नाही’ स्वतःच क्रियापदासारखा चालतो: मी नाही, तू नाहीस, ते नाहीत, तो नव्हता. काळ, वचन, पुरुष सगळे तो अंगावर घेतो. इंग्रजीतला ‘नॉट’ मात्र काहीही अंगावर घेत नाही. म्हणून जिथे मदतीला दुसरे कोणी नसते तिथे इंग्रजी ‘डू’ला बोलावते आणि काळाची, पुरुषाची खूण त्याच्यावर चढवते. ‘ही प्लेज’ याचा नकार ‘ही डज नॉट प्ले’. ‘एस’ एकच होता, तो ‘डज’कडे गेला, ‘प्ले’ मोकळा झाला. ‘ही डज नॉट प्लेज’ लिहिणाऱ्या मुलाने ती खूण दोनदा लावली आहे, आणि ‘ही नॉट प्ले’ लिहिणाऱ्याने ‘नॉट’ला ‘नाही’ समजले आहे. दोन्ही चुका वेगळ्या, दोन्हींवरचे उपाय वेगळे. तांबड्या शाईची एकच रेघ ओढून वही परत दिली तर दोघांनाही काही कळत नाही.

आणि मग ‘मला’ची वाक्ये. मला भूक लागली आहे, मला ताप आहे, मला दोन बहिणी आहेत, मला पोहता येते, मला घरी जायचे आहे. मराठीत या सगळ्यांचे तोंड सारखे दिसते. इंग्रजीत गेल्यावर ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव फीव्हर’, ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘आय कॅन स्विम’, ‘आय हॅव टु गो होम’ अशी प्रत्येकाची वाट वेगळी होते. कुठे ‘ॲम’, कुठे ‘हॅव’, कुठे ‘कॅन’. आमच्या पिढीने ही वाक्ये तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून घोकली आणि त्यातून कित्येकांचे इंग्रजी उभे राहिले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण घोकण्याआधी ‘मला’ हा मराठी वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता नाही आणि इंग्रजीला दर वाक्यात एक कर्ता हवाच असतो, एवढे सांगितले तर घोकणे कमी लागते. ‘पाऊस पडतो आहे’ या वाक्यात पाऊस आहे. ‘इट इज रेनिंग’मध्ये नुसता ‘इट’ आहे, कारण ती खुर्ची रिकामी ठेवलेली इंग्रजीला चालत नाही.

शब्दार्थ पाठ करणाऱ्या मुलांना इंग्रजी आणखी एका ठिकाणी फसवते. ‘वॉटर म्हणजे पाणी, बुक म्हणजे पुस्तक, हँड म्हणजे हात’ अशी वहीभर यादी केलेल्या मुलासमोर ‘वी वॉटर द प्लांट्स’ किंवा ‘प्लीज बुक टू टिकेट्स’ आले की तो हतबल होतो. इंग्रजीत नाम सरळ उठून क्रियापदाच्या जागी जाऊन बसते, अंगावर कसलीही खूण न लावता. मराठीही असे करते, पण प्रत्यय लावून: हातापासून हाताळणे, लाथेपासून लाथाडणे, पाण्यापासून पाणावणे, डोक्यापासून डोकावणे. नाहीतर आपण ‘घालणे’, ‘करणे’ यांची मदत घेतो, झाडांना पाणी घालतो आणि तिकीट बुक करतो. त्यामुळे शब्द ऐकताच त्याची जात सांगण्याची मराठी सवय इंग्रजीत सोडावी लागते. ‘वॉटर’ हा नाम की क्रियापद, या प्रश्नाचे उत्तर ‘वाक्य दाखवा’ हेच आहे. शब्दांची सुटी यादी देऊन ‘यातली क्रियापदे ओळखा’ असा प्रश्न काढणाऱ्यांनी हे लक्षात घेतले तर बरे होईल.

क्रियापद म्हणजे एक शब्द, ही समजूतही मोडावी लागते. ‘शी हॅज बीन वेटिंग’मध्ये क्रियापद कोणते? तिन्ही शब्द मिळून. ‘ही शुड हॅव बीन टोल्ड’मध्ये चार. मध्ये ‘नेव्हर’, ‘ऑल्वेज’ घुसले तरी ते पाहुणे, त्यांना अधोरेखित करायचे नाही. मराठी मुलाला हे अवघड जाण्याचे कारण नाही, कारण ‘सांगून टाकले असते’ असे लांबलचक क्रियापद तो रोज वापरतो. ‘बी’ची मात्र वेगळी यादी भिंतीवर लावलेली बरी: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. इतर क्रियापदांना फार तर पाच रूपे, याला आठ, आणि निम्म्याहून अधिक एकमेकांशी नाते न सांगणारी.

खरी कसोटी लागते ती क्रियापदाचे सोंग घेतलेल्या शब्दांपाशी. ‘द बॉय सिटिंग ऑन द बेंच इज माय ब्रदर’ या वाक्यात मुले ‘सिटिंग’वर झडप घालतात. काळाची कसोटी लावली की ‘सिटिंग’ बदलत नाही, ‘इज’ बदलतो. मराठीत हेच ‘बाकावर बसलेला मुलगा’ असे होते आणि ‘बसलेला’ हे धातुसाधित आहे हे मराठीचे सर शिकवून गेलेले असतात. ‘टु गो’, ‘ब्रोकन’, ‘स्विमिंग’ हे सगळे त्याच गोत्रातले.

‘रोज इंग्रजी पेपर वाच’ असा सल्ला आपण मुलांना देतो आणि तिथे मथळ्यातच ती अडकतात. ‘थ्री किल्ड इन बस ॲक्सिडेंट’ वाचून एका वर्गाने तिघांनी खून केला असा अर्थ लावल्याचे मी ऐकले आहे. मथळ्यात ‘वेअर’ गाळलेला असतो, उरलेला ‘किल्ड’ भूतकाळासारखा दिसतो. ‘मिनिस्टर टु व्हिजिट नाशिक’ यात तर काळ दाखवणारे काहीच उरलेले नाही. मथळे शिकवावेत, पण शेवटी. गाळलेले क्रियापद परत बसवा, असा स्वाध्याय त्यासाठी आठव्या प्रकरणात आहे.

व्याकरण शिकवूच नये, भाषा ऐकून-बोलून येते, असे मानणारे बरेच जण आहेत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले तेव्हा हीच भूमिका होती आणि लहान वर्गांसाठी ती योग्यच आहे. पहिलीतले मूल ‘स्टँड अप’, ‘ओपन युवर बुक्स’ ऐकून उभे राहते, पुस्तक उघडते, तेव्हा त्याला क्रियापदाची पहिली ओळख होत असते, आणि या आज्ञार्थी वाक्यांत क्रियापद सगळ्यात पुढे असल्यामुळे ती सोपीही असते. पण आठवी-नववीत दोन-दोन ओळींची वाक्ये येतात. ती नुसती कानाने सुटत नाहीत. आठवडाभर मूल जेवढे इंग्रजी ऐकते तेवढे मुंबई-पुण्याच्या काही घरांत एका संध्याकाळी ऐकले जाते, हे विसरून केलेल्या शिफारशी खेड्यातल्या शाळेच्या कामाच्या नाहीत. दुसऱ्या टोकाला ‘गो-वेंट-गॉन’चे तक्ते आहेत. ते पाठ हवेतच, त्याला इलाज नाही. मात्र तीनही रूपे धडाधडा म्हणणाऱ्या मुलाला वाक्यातला ‘वेंट’ ओळखता येतो असे गृहीत धरू नये.

क्रियापद सापडल्यावर पुढे काय, हे ए. एस. हॉर्न्बी यांनी दाखवून ठेवले आहे. ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ करणारे हेच ते. 1954 च्या त्यांच्या पुस्तकात इंग्रजी क्रियापदांमागे काय काय येऊ शकते याचे पंचवीस साचे दिले आहेत. ‘गिव्ह’ म्हटले की कोणाला आणि काय, हे दोन्ही यावे लागते. ‘स्लीप’च्या मागे काहीच नको. क्रियापद कळले की त्याच्या अलीकडे कर्ता आणि पलीकडे काय शोधायचे ते आपोआप कळते, आणि लांब वाक्य वाचणे म्हणजे दुसरे काही नसते. पंचवीस साचे शाळेत नकोत, पाच-सहा पुरेत. ते शेवटच्या दोन प्रकरणांत घेतले आहेत.

शिक्षकांना एक विनंती. या पुस्तकातली वाक्ये संपल्यावर स्वतःच्या वर्गाच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्या आणि मुलांकडून त्यातल्या प्रत्येक वाक्याचे क्रियापद अधोरेखित करून घ्या, पूर्ण समूहासकट. काही वाक्यांत वर्गाचे एकमत होणार नाही. उत्तर लगेच सांगू नका, कसोट्या लावू द्या. आणि इथे दिलेल्या कसोट्या ज्या वाक्यांवर खरोखरच फसतील ती वाक्ये, मुलांच्या उत्तरांसह, मला जरूर लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत मला त्यांची गरज आहे.